जिनिंगच्या फरशीवरचा साल्सा

पुण्यात शिकताना होस्टेलच्या मैत्रिणींच्या नादाने मी जोडीने करायचा साल्सा नाच शिकले आणि लग्न होऊन पांढरकवड्याला आले. कॉलेजात नोकरी लागली. आमचे हे कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये सुपरवायझर. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, पेपर उघडला की कुण्या शेतकऱ्याने जीव दिल्याची बातमी, आणि जिनिंग बहुतेक दिवस बंदच. कॉलेजच्या गॅदरिंगला आपण दोघांनी साल्सा करायचा, असं मी ठरवून टाकलं.

"तुले काही समजते का?" हे म्हणाले. "लोकायसमोर बायकोचा हात धरू?"

लग्नाच्या मांडवात धरला तो काय एकांतात होता? पण हात धरल्याशिवाय हा नाच होतच नाही. मला तो करायचाच होता, आणि यांच्याबरोबरच.

प्राचार्य तर भडकलेच. "मॅडम, घरोघरी सुतक हाय अन तुमी नाच काढता?"

मलाही राग आला. म्हटलं, "सर, हा नाच सुखवस्तू लोकांचा नाहीच. क्युबातल्या उसाच्या मळ्यांत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांनी आपले ढोल, आपले ठेके जपले. त्यात स्पॅनिश गाणी आणि गिटार मिसळली. पुढे तिकडचे लोक पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कला गेले, तिथे त्याला साल्सा हे नाव पडलं. राबणाऱ्यांनी नाचायचं नाही, तर मग कुणी?"

"पहा बा तुमचं तुमी," म्हणून त्यांनी विषय संपवला.

रोज मागे लागून मी यांना तयार केलं. सराव रिकाम्या जिनिंगच्या सिमेंटच्या फरशीवर. टेपवर दोन लाकडी दांडक्यांचा खणखणीत ठेका सुरू व्हायचा. साल्सात तीन पावलं टाकायची आणि चौथ्या मात्रेला पाय थांबवायचा; कंबर मात्र हलती ठेवायची. हे पडले शाळेतले लेझीमप्रमुख. चौथ्या मात्रेलाही यांचा पाय धाडकन पडायचा, तोही बहुतेकदा माझ्या पायावर.

"ठोका रिकामा सोडला का मास्तर छडी मारत," हे कुरकुरायचे. माझा अंगठा काळानिळा झाला, पण मी काही सोडलं नाही.

गॅदरिंगच्या दुपारी नाच निम्म्यावर आला आणि लाइट गेली. टेप बंद. प्राचार्य उठून म्हणाले, "राहू द्या आता, मॅडम." मी तोंडाने मात्रा मोजत नाचत राहिले. मग पोरींनी टाळ्या धरल्या, लेझीमच्याच, चौथ्या मात्रेलाही जोरात टाळी. आता हे चुकणार, मला खात्रीच होती. पण प्रत्येक चौथ्या टाळीला हे घामाघूम होऊन माझ्याकडे बघत थांबायचे आणि मगच पाऊल उचलायचे. मला रडूच येत होतं. प्राचार्य तसेच उभे राहिले आणि नाच पुरा झाला.

बाहेर बाजाराचा दिवस, अर्धं गाव रस्त्यावर. कॉलेजच्या फाटकाशी मी यांच्या हातातला हात सोडवून घेऊ लागले.

"राहू दे," हे म्हणाले.

"लोक पाहून राह्यले न," मी यांच्याच बोलीत म्हणाले.

"पाहू दे."

आणि भर बाजारातून आम्ही तसेच घरी गेलो.