टाकीमागचं काळं विमान

वारल्यानंतर वर्षभराने माझे आजोबा आमच्यावर रागावले, आणि त्याला कारण मी होतो.

आजोबांना घरात सगळे अण्णा म्हणायचे. जुन्या लढाऊ विमानांची छोटी मॉडेलं जोडायचा त्यांना नाद. शेवटचं, रात्री उडणारं काळं बॉम्बर अर्धंच राहिलं. ते मी पूर्ण करत होतो. अण्णांच्याच टेबलावर, अण्णांच्याच चिमट्याने आणि (सवय वाईट) अण्णांसारखाच खोकत. पनवेलमध्ये मी ज्याची नक्कल केली नाही असा माणूस नाही. एकदा तो खोकला ऐकून आईच्या हातून चहाचं भांडं पडलं. तेव्हापासून ती त्या खोलीत एकटी जात नाही.

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी विमानाला काळा रंग दिला. फोटोसमोर ठेवून सगळ्यांना चकित करायचं होतं. पण रंग सुकेना. म्हणून गच्चीत पाण्याच्या टाकीमागे, कुणाला दिसणार नाही असं, दोरीला उलटं टांगून आलो.

दुपारी बाबांनी गच्चीच्या कठड्यावर पान ठेवलं. कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि नाही शिवला तर अण्णांचा जीव कशात तरी अडकलाय.

कावळे आले. एक, चार, मग मोजताच येईनात. समोरच्या बिल्डिंगच्या कठड्यावर ओळीने बसले. एकही ओरडला नाही. सगळे आमच्याकडे बघत होते. डोक्यावरून खरं विमान गेलं (नवीन एअरपोर्टची कृपा), तरी हलले नाहीत.

"अण्णांची काहीतरी इच्छा राहिलीय," आई कुजबुजली.

बाबांनी हात जोडले. "अण्णा, मी सिगारेट सोडतो."

"तुम्ही ओढता?" आई म्हणाली.

"आत्ता सोडली ना."

कावळे गप्प. आई पुढे झाली. "अण्णा, तुमची आरामखुर्ची परत आणते."

"ती दुरुस्तीला दिलीय ना?" बाबांनी विचारलं.

"भंगारात दिली. आता त्यांच्यासमोर खोटं कशाला बोलू?"

एक कावळा उडाला. अर्ध्यापर्यंत आला आणि कुणीतरी ढकलल्यासारखा हवेतच मागे फिरला. बाबांना शुगर आहे, जेवण लांबलेलं त्यांना चालत नाही. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"अण्णा," मी म्हणालो, "तुमच्या आवाजात कॉलेजला फोन करून नातवाला ताप आलाय म्हणून सांगायचो. यापुढे तुमचा आवाज काढणार नाही."

"कधी केलास?" बाबा.

"बऱ्याचदा. ते गेल्यावरही दोनदा."

कावळे तसेच.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या जनाकाकू वाळत घातलेल्या मिरच्या न्यायला वर आल्या. त्या मूळच्या उरणजवळच्या करंजा कोळीवाड्यातल्या, जिथे दारोदारी मासळी सुकवतात. टाकीमागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "आरं पोरा, यो मेलेला कावला कोनी टांगलाय?"

"कावळा?"

"आमच्याकडं सुकटीवर कावलं बसू नय म्हनून असाच टांगतान. यो बघून तुमचा पावना कसा येल?"

मी धावत जाऊन विमान काढलं आणि शर्टाखाली लपवलं. रंग ओलाच होता. मी चार पावलं मागे सरकलो नाही तोच कावळा आला, पानातला वडा उचलून गेला.

"मग शपथ तशी लागू नाही," बाबा हळूच म्हणाले.

"अण्णांचं पान समोर होतं," आई म्हणाली. "सिगारेट बंद."

"मग खुर्ची आण."

आई आठवडाभर भंगारवाल्यांकडे फिरतेय. बाबा बडीशेप चघळतायत. विमान अण्णांच्या फोटोशेजारी आहे, पोटावर माझ्या बनियनचे धागे चिकटलेलं. आणि मी? इतक्या वर्षांत पनवेलभर नकला केल्या, पण जातभाईंनी बघून घाबरावं इतकी हुबेहूब एकच जमली. तीही मी विमान समजून केली होती.