सुजाताचे मऊ तळपाय

सुजाता टेबलावर पालथी झोपली होती आणि तिचे तळपाय मऊ होते. मी अंगठा पुन्हा फिरवला. टाच, चवडा, करंगळीची बाजू. घट्टा कुठेच नाही. रोज पंधरा-वीस किलोमीटर पळणाऱ्या माणसाचा तळपाय असा नसतो.

मी तिला उताणी केली आणि डाव्या नडगीवरून बोट दाबत खाली आले. एका जागी तिने टेबलाची कड घट्ट धरली.

"दुखतं?"

"न्हाय."

"मग डाव्या पायावर उभी राहून उड्या मार बघू."

ती उतरली आणि उजव्या पायावर उभी राहिली. "आज जेवून आलीया मॅडम. पुढच्या टायमाला मारते."

ईशान, मीरा, आजीचं काम तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगते. सरकारी दवाखान्यातून फिजिओथेरपिस्ट म्हणून निवृत्त झाल्यापासून मी भवानी पेठेत डॉ. बागवानांच्या क्लिनिकमध्ये जाते. ते हाडांचे डॉक्टर. वयाने तुमच्या बाबाएवढे, आणि माझे बॉस. सुजाता (नाव बदललं आहे) जेऊरजवळच्या एका वस्तीवरची, लांब पल्ल्याची धावपटू. राष्ट्रीय संघाची निवड ज्या शर्यतीतून होणार होती ती दीड महिन्यावर आली होती. त्यासाठी तिला आमचं फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं.

घरी येऊन मी तिचा ट्रेनिंग लॉग उघडला. ईशान, तू रविवारी पळून आलास की मोबाइलवर जे टाकतोस, तेच हे. मोठे धावपटू शर्यतीआधी रोजचा सराव असा जाहीर करतात. अंतर, वेग, हृदयाचे ठोके, सगळं. चाहते वाचतात. प्रतिस्पर्धी त्यांच्या आधी वाचतात. सुजाताला बूट, आहार आणि प्रवास पुरवणाऱ्या कंपनीची तर अटच होती की रोज नोंद टाकायची. नोंद थांबली की करार थांबला.

तिचा लॉग भरगच्च होता. फक्त तीन आठवड्यांपासून रस्त्याचा नकाशा गायब होता आणि प्रत्येक नोंदीवर 'ट्रेडमिल' लिहिलेलं होतं. ट्रेडमिलवर नकाशा उमटत नाही आणि अंतर आपणच भरायचं असतं. सोयीचं आहे. पण जेऊरच्या पुढे, शेतातल्या वस्तीवर, जिथे वीज पाहुण्यासारखी येते, तिथे ट्रेडमिल कुठून आलं?

ठोक्यांचा आलेख मात्र खरा वाटत होता. चढ, उतार, पुन्हा चढ. कुणाचं तरी हृदय नक्की धावत होतं. कुणाचं?

सकाळी मी डॉ. बागवानांना म्हटलं, "ठोके मोजणारं तिचं घड्याळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात आहे."

"मॅडम, कंपनीचे दोन फोन येऊन गेले. सही करून टाकू या. आपण फिटनेसचं सर्टिफिकेट देतो, चारित्र्याचं नाही."

"मग फिटनेसच तपासू. नडगीचा एमआरआय करा."

"तुम्ही माझ्या सासूबाईंपेक्षा संशयी आहात," असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहिली.

एमआरआयमध्ये स्ट्रेस रिअ‍ॅक्शन दिसली. म्हणजे सततच्या आदळण्याने हाड आतून सुजतं. तडा जाण्याच्या आधीची पायरी. तशीच पळत राहिली तर तडा ठरलेला. पण ही सूज ओसरू लागली होती. म्हणजे या पायाला विश्रांती मिळाली होती. आणि लॉग सांगत होता की हा पाय रोज पळतोय. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं.

पुढच्या खेपेला ती आईला घेऊन आली. मी सरळ विचारलं, "घड्याळ कोण घालतं? भाऊ?"

सुजाता ताडकन उठून बसली. "माझंच ठोके हायेत ते!"

"मग पळतेस कुठे? या पायाने तू पळत नाहीयेस."

आईच मध्ये बोलली. "पळतीया की वो मॅडम. हिरीत पळतीया."

"विहिरीत?"

"आये, गप की!"

"का गप? चोरी केलीया का आपण?"

तेव्हा मला तिच्या नखांच्या कडेचं हिरवं शेवाळ दिसलं. पहिल्या दिवशीही ते असणारच. मी तळपायातच अडकले होते. तरी माझा विश्वास बसला नाही. पाहिल्याशिवाय सही नाही, असं सांगून मी रविवारी जेऊरची गाडी धरली.

विहीर तिच्या चुलत्यांची. उजनीचं पाणी जवळ असल्याने उन्हाळ्यातही भरलेली. पोरांना पोहायला शिकवताना बांधतात तसा तेलाचा रिकामा डबा सुजाताने पाठीला बांधला आणि पायऱ्या उतरून ती पाण्यात शिरली. छातीपर्यंत पाण्यात, तळाला पाय न लावता, उभी तरंगत ती पळू लागली. गुडघे वर, कोपरं मागे. जागची हलत नव्हती. दुखापत झालेले परदेशी धावपटू तलावात पट्टा बांधून हेच करतात. तिने मोबाइलवर पाहिलं होतं.

ती धापा टाकत वर आली, तेव्हा मी तिच्या मानेवर बोटं ठेवून ठोके मोजले. घड्याळाशी जुळले.

"पाण्यात नडगीवर भार येत न्हाय," ती म्हणाली. "दम तेवढाच लागतो."

"मग किलोमीटर कुठून आले?"

"तेवढ्या येळात जेवढं पळले असते, तेवढं लिवलं." तिने मान खाली घातली. "दुखापत कळली की कंपनी सोडणार. आमच्या गटातली दुसरी पोरगी तयारच हाय."

"आणि खोटं कळलं तर?"

ती डब्याची गाठ सोडत राहिली.

मी अट घातली. ट्रेडमिल बंद. जे करतेस तेच लिही. हाड भरलं आणि एका पायावर न दुखता उड्या मारल्यास, तरच सही. तिसऱ्या दिवशी नोंद आली: 'डाव्या नडगीला दुखापत. आज विहिरीत. अंतर नाही.' सोबत डब्याचा फोटो.

करार तुटेल म्हणून आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो. फोन आला. कंपनीचा माणूस डॉ. बागवानांना म्हणाला, "दुखापतीची आयडिया जबरदस्त आहे सर. समोरच्यांना गाफील ठेवायचं. चालू द्या." डॉक्टरांनी त्याला एमआरआय पाठवायची तयारी दाखवली. तो हसला. लॉगखाली लोकांनी लिहिलं होतं: 'विहिरीत कुणी पळतं का?' 'काहीतरी लपवतेय.' 'गुपचूप डोंगरात सराव चाललाय.'

पाचव्या आठवड्यात ती डाव्या पायावर उड्या मारत माझ्या टेबलाला फेरी घालून आली. दुसरा एमआरआय स्वच्छ होता. आम्ही सही केली. शर्यतीपूर्वी तिला जेमतेम काही दिवस मऊ मातीवर पळायला मिळालं. ती पाचवी आली आणि संघात शेवटची जागा तिची झाली.

त्याच संध्याकाळी एका प्रशिक्षकांचा मला फोन आला. त्यांच्या हाताखालची मुलगी सहावी आली होती.

"मॅडम, आता निकाल लागला. आता तरी सांगा, ती खरी पळत कुठे होती?"

"विहिरीत."

"बरं, नका सांगू," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

ट्रेडमिलच्या खोट्या नोंदींवर बाहेर कुणी शंका घेतली नव्हती, कारण त्या सगळ्यांच्या नोंदींसारख्याच दिसत होत्या. खरी नोंद मात्र अजून कुणाला पटलेली नाही. ईशान, तुझ्या रविवारच्या नोंदी मी वाचते. लाइक का करत नाहीस, असं तू विचारलं होतंस. दिवाळीला आलास की आधी तळपाय दाखव, मग बघू.