बोट भरायच्या आधी

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंचवीस वर्षं कोळवण ते पौड वडापची जीप चालवली आणि एकच नियम पाळला. गाडी भरल्याशिवाय सोडायची नाही. भरली म्हणजे कशी, तर मागचं दार लावायला बाहेरून कुणीतरी ढकललं पाहिजे, तशी. पहिल्या प्रवाशाला जीपमध्ये बसवून आबा खुशाल चहा प्यायला जायचे आणि त्या प्रवाशालाही त्यात काही गैर वाटायचं नाही. तोही पिशवी सीटवर ठेवून त्यांच्या मागोमाग चहाला जायचा.

दोन हजार आठ साली मी हिंजवडीत नोकरीला होतो, जवळच्या जांबे गावात भाड्याने राहत होतो, आणि चार पैसे हातात आल्यावर माणसाला जो माज येतो तो मला पुरेपूर आला होता. त्या भरात मी आबांना सिडनी दाखवायचं ठरवलं. आईने दुभत्या म्हशीचं कारण काढून अंग काढून घेतलं. आबा मात्र "पोरगं हट्टच धरून बसलंय, काय करता," असं सांगत खोरंभर फिरून आले. शेवटी मी, बायको आणि आबा असे तिघे निघालो.

विमानतळावरच मी तिघांचे पासपोर्ट, पैसे, हॉटेलचं कार्ड, सगळं माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये घातलं.

आबा म्हणाले, "माझं मी ठिवतो की."

"आबा, परदेश आहे. कुठं हरवलं तर?"

ते गप्प बसले. समोरचा गप्प बसला म्हणजे त्याला आपलं पटलं, असा तेव्हा माझा समज होता.

पहिले तीन दिवस मजेत गेले. ट्रेन, बस, बोट, सगळं एकाच तिकिटावर चालायचं, त्यामुळे आम्ही दिसेल त्यात चढत होतो. एका म्हातारीसाठी बस फुटपाथच्या बाजूला चक्क खाली वाकली, तेव्हा आबांनी खिडकीतून ड्रायव्हरला हात जोडले. पांढऱ्या पाकळ्यांची ती जगप्रसिद्ध इमारत त्यांनी अर्धा मिनिट पाहिली. मोठ्या पुलाखाली मान वर करून म्हणाले, "ह्यो रंगवायला किती दिस लागत असत्याल?" बंदराच्या पाण्याबद्दल त्यांचं मत होतं, "आपल्या मुळशीच्या धरनाएवढंच हाय की." पण बोटी! बोट धक्क्याला लागताना खलाशी दोरखंडाचा फास नेमका खुंटावर टाकतो, ते बघत ते तासन्‌तास उभे राहायचे. मी हातातला कार्यक्रमाचा कागद फडफडवत घाई करायचो. आबा, इकडे या. आबा, तिकडे नको. आबा, पिवळ्या रेघेच्या आत. बायको एकदा म्हणाली, "अरे, ते वडील आहेत, सामान नाही." मी तिला म्हटलं, तुला कळत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही पुलाच्या पलीकडच्या एका लहानशा धक्क्यावर उभे होतो. एक बाक, एक नळ, आणि आमच्याखेरीज एक बाई. बोट आली. बाई चढली, मी आणि बायको चढलो. आबा धक्क्यावरूनच म्हणाले, "बसा तुमी. मी तोंडावर पानी मारून येतो."

"आबा, बोट सुटेल!"

"आरं, चार टाळकी न्हाईत आत. भरल्याबिगर सुटती व्हय?"

आणि ते नळाकडे चालू लागले, अगदी पौडच्या स्टँडवर चालायचे तसे सावकाश. खलाशी मुलीने फळी ओढून घेतली, दोर सोडला आणि रिकामी बोट ठरल्या मिनिटाला निघाली. आबा वळले. चेहरा ओला, खांद्यावर टॉवेल. मी कठड्यावरून ओरडत होतो. मधलं पाणी हातभर होतं ते बघता बघता जीपभर झालं. आबांनी हात वर केला आणि "जा, जा" अशी खूण केली, जणू आम्हीच त्यांची परवानगी मागत होतो.

खलाशी मुलगी समजूतदार होती, पण बोट काही मागे फिरणार नव्हती. पुढच्या धक्क्यावर उतरा आणि परतीची पकडा, म्हणाली.

"त्यांच्याकडे काय काय आहे?" बायकोने विचारलं.

मी कमरेच्या पाऊचवर हात ठेवला. "टॉवेल."

ती कठड्याशी जाऊन मागे पडणाऱ्या धक्क्याकडे बघत राहिली.

परतीच्या बोटीला पाऊण तास होता. त्या पाऊण तासात मी आबांना कुठे कुठे पाहिलं! चुकीच्या बसमध्ये, हमरस्त्याच्या मधोमध, पोलीस चौकीत. ज्या माणसाला कोळवणच्या खोऱ्यातला प्रत्येक बांध नावानिशी ठाऊक, त्याच्याकडे स्वतःच्या हॉटेलचं नावसुद्धा नव्हतं, कारण ते माझ्या पोटावर बांधलेलं होतं. मला स्वतःची लाज वाटली आणि भयंकर भीती वाटली.

बोट वळणावर आली आणि आबा दिसले. ज्या धक्क्यावर सोडून गेलो होतो, त्याच धक्क्याच्या अगदी कडेला, उन्हात, उभे. बाक दोन पावलांवर रिकामा होता.

"बसायचं नाही का आबा?" मी उतरता उतरता विचारलं.

"बसलो अस्तो तर लांबनं दिसलो नसतो," ते म्हणाले. मग आवाज चढवून, "आन्‌ रिकामी गाडी सोडत्यात व्हय कुटं? धंदा बुडंल यांचा!" बायको हसली, मीही हसलो, आणि आम्ही तिघे त्याच बोटीत चढलो. या वेळी सर्वांत आधी आबा.

बोट निघाली तरी दोरखंडाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. पाण्याकडे बघत ते म्हणाले, "एक वर्दीवाला आला हुता. लई चांगला हुता. बोलला त्यातलं काय बी कळलं न्हाई, पर कोन, कुटला, येवढं इचारतोय ह्ये कळलं. मी खिसा चाचपला. काय दावू त्याला?"

मी पाऊच उघडून त्यांचा पासपोर्ट त्यांच्या हातात दिला. त्यांनी फोटोचं पान उघडलं, आपलाच आहे याची खात्री केली आणि पासपोर्ट शर्टाच्या वरच्या खिशात घातला. तो खिशापेक्षा मोठा होता, त्यामुळे अर्धा बाहेर राहिला. मी म्हणणार होतो, आबा, पडेल. नाही म्हणालो.