सातवं डुक्कर

माझा स्वभावच संशयी. दूध आणलं की आधी बोट बुडवून बघणार, मग दूधवाल्याच्या तोंडाकडे बघणार. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात नोकरी केली की माणूस असाच होतो. गाय काही सांगत नाही आणि मालक खरं सांगत नाही.

कापूस बुडाला ती वर्षं. पऱ्हाटी हाती लागत नव्हती, आणि मागे उरलेली तूर रानडुकरं आडवी करत होती. दिग्रसकडच्या आमच्या एका गावात एखादं रानडुक्कर तारेत सापडलं की घरोघर वाटे जात. नाव मात्र कोणी घ्यायचं नाही. "बकरं कापलं," एवढंच म्हणायचं, कारण वनखात्याला कळलं तर केस. गावात कोणी सरकारी माणूस आलेला असला तर त्यालाही वाटा द्यायचा. एकदा खाल्लं की तो काय बोलणार?

त्या खेपेला माझाही वाटा आला. ज्या काकांकडे मी जेवायला थांबायचो, त्यांनीच वाढलं. बकऱ्याची चव नाही हे पहिल्याच घासाला कळलं होतं. तरी भाकर मोडली आणि खाल्लं. खोटं कशाला बोलू?

चार दिवसांत अर्ध्या गावाला रक्ताचे जुलाब. काकांची नात यवतमाळला भरती. माझं पोट दोन दिवस बिघडलं, पण मी कोणाला सांगितलं नाही.

गावानं ठरवूनच टाकलं, हे त्या बाईच्या डुकरांचं काम. गावाबाहेर राहणारी ती विधवा, सरकारी योजनेतली सहा पांढरी डुकरं पाळून घर चालवणारी. तिच्या घरात एकालाही जुलाब नाहीत, याचाच लोकांना जास्त संशय. "तिच्याच घरी काहून नाही? कायतरी हाये!"

सहाही डुकरांचे नमुने मी घेतले. ती एकेकाचा कान धरून उभी राहिली. निघताना काकांनी आडोशाला स्टीलचा डबा पुढे केला. फ्रीजमधला मांसाचा तुकडा, अर्धवट भाजलेल्या कातडीसकट.

"हे बी तपासा साहेब. तिचंच डुक्कर होय, मेलेलं."

कातडीत दोन लांब, काळे, राठ केस राहिले होते. पांढऱ्या डुकराला काळे केस? मी काकांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते. "पोरीले काय झालं ते कळलं पाहिजे," ते म्हणाले. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, फक्त रानडुकराचं नाव घेता येत नव्हतं. आणि मला तरी कुठे येत होतं? नाव घेतलं की तू ताटात काय खाल्लंस हा पुढचा प्रश्न. मी बाटलीवर लिहिलं: पाळीव डुक्कर, क्रमांक सात.

रिपोर्ट आला. ज्या जंतूनं असे रक्ताचे जुलाब होतात तो सातही नमुन्यांत होता, त्यात नवल नाही, तो डुकरांच्या पोटात राहतोच. पण माणसाला आजारी पाडणारं विष तयार करायचं जीन पहिल्या सहांत नव्हतं. सातव्यात होतं. ग्रामसभेत एवढा पाल्हाळ कोण ऐकतो? "पाळीव डुकरात विषारी जंतू," एवढंच वाचलं गेलं, आणि आठ दिवसांत डुकरं गावातून हलवायचा ठराव झाला. मी मागच्या खुर्चीत बसून होतो.

काकांची नात बरी होऊन घरी आली. त्याच दिवशी डुकरं टेम्पोत चढली. मी डुकरं हलवल्याच्या कागदावर तिचा अंगठा घ्यायला गेलो. त्यावर सात नमुन्यांच्या सात ओळी होत्या, त्या तिनं बोटानं मोजल्या.

"दादा, मले लिहता येत नाही, पण मोजता येते," ती म्हणाली. "माही सहाच होती. हे सातवं कोणाचं?"

"लॅबवाल्यांचं चुकलं असेल, मावशी."

तिनं अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि पदराला पुसला.

"गावात सगळ्यायच्या घरी वाटा गेलता," ती म्हणाली. "माह्याच घरी नाही आला. तुमाले आलता ना?"