खंडेनवमीचा नारळ

अंधेरीच्या खिळे ओतायच्या कारखान्यात तुळशीदासइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, ओतणारं यंत्र चालवायचा तो. दांडा फिरवला की साचा वितळलेल्या शिशाच्या भांड्याला टेके आणि एक खिळा टपकन बाहेर पडे. पण वितळवायला आलेले जुने खिळे भांड्यात टाकण्याआधी हा गृहस्थ ते उन्हात वाळवी, फडक्याने पुशी, ओल राहिली का म्हणून गालाला लावून बघी. सगळे हसायचे. हसोत बापडे! ओल्या खिळ्यानं तापलेलं शिसं कसं उसळतं, ते त्यांनी कुठं पाहिलं होतं?

आठ वर्षांपूर्वी, आधीच्या कारखान्यात, तसं उसळलेलं शिसं त्याच्या शेजारी काम करणाऱ्या रामचंद्रच्या तोंडावर आलं आणि त्याचे दोन्ही डोळे गेले. चूक आपलीच, असं तो बिचारा अजून मानत होता. त्याची बायको सगुणा आता तुळशीदासच्या शेजारी बसून ओतलेल्या खिळ्यांना चिकटून आलेली जादा शिशाची शेपटं मोडायची. नोकरी तुळशीदासनंच लावून दिली होती. वेसाव्याहून येताना ती रोज त्याच्यासाठी बोंबलाचं कालवण आणायची. "भाऊजी, तुम्ही होतात म्हणून तरलो," म्हणायची. तो डबा अर्धाच ठेवून उठायचा.

खंडेनवमीला यंत्राची पूजा. एरवी त्या दिवशी भांड्याखालची भट्टी थंड असे. त्या वर्षी शाळेच्या पुस्तकांचं काम अडलं होतं, म्हणून शेठ नंदकिशोरनी ती पेटतीच ठेवली. हळदकुंकू वाहून झालं आणि शेठनी नारळ उचलला. दरवर्षी तो यंत्रावरच फुटे, भांड्यापासून वीतभर अंतरावर. सगुणा हात जोडून अगदी पुढे उभी होती.

तुळशीदास पुढे झाला. "शेठ, इथं नको! बाहेर फोडा!"

"सणासुदीला अपशकुन करतोस? बाजूला हो."

नारळ वर गेला. तुळशीदासनं शेठचं मनगटच धरलं. "नारळाचं पाणी पडून शिसं उडेल, शेठ! डोळे जातील!"

"दरवर्षी फोडतो. कुणाचे गेले रे?"

सगुणाकडे बघायची त्याची छाती होईना. "रामचंद्रचे. त्याच्या भांड्यात ओले खिळे मी टाकले होते. घाईत, न पुसता."

नारळ उंबऱ्याबाहेर फुटला. प्रसाद कुणी मागितला नाही.

दसऱ्यानंतर सगुणा कामावर आली. दिवसभर मान खाली घालून शेपटं मोडत राहिली. सुटताना मात्र यंत्रापाशी थांबली.

"आठ वर्षं ते स्वतःला शिव्या घालतायत. आता माझ्याबरोबर घरी चला. तुमच्या तोंडानं सांगा त्यांना."

तुळशीदासनं फडकं उचललं आणि वाळलेलेच खिळे पुन्हा पुसायला घेतले. सगुणा दारात त्याची वाट बघत उभी राहिली.