मुरब्याचा नमुना

"हात लावू नका!" मॅडमचं प्रत्येक बोलणं इथूनच सुरू व्हायचं.

नव्वदच्या आसपास बोईसरला माझा कॉम्प्युटर क्लास होता. दुपारी तो रिकामा असे. तेव्हा मासळीवर पीएच.डी. करणाऱ्या या मॅडम येऊन पापलेटांच्या आरएनएची अक्षरं बडवत बसत. अक्षरं चारच, पण पानंच्या पानं. मग मशीन तासन्‌तास दोन गावांचे पापलेट ताडून बघे आणि मॅडम कीबोर्डपाशी पहारा देत. "नुसत्या बोटानंही आरएनए नासतो हो," त्या म्हणत. तुम्ही भेटला असतात तर तुम्हीही खिशात हात घालूनच बोलला असतात.

आपल्या किनाऱ्यावरचा पापलेट एकाच कुळातला की गावागणिक निराळा, हा त्यांचा प्रश्न. डहाणू, चिंचणी झालं होतं. मुरबे तेवढं राहिलं होतं. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढायला दोन दिवस उरले होते आणि प्रबंध त्याच पावसाळ्यात द्यायचा होता. हा नमुना हुकला की दोन वर्षांच्या कामाला अर्धंच उत्तर.

तिथल्या एका कोळीण मावशीला त्यांनी बजावलं होतं, मासा ताजा हवा, बर्फात हवा. अख्खा हवा, हे सांगायचं मात्र राहिलं. कोणाला सुचणार म्हणा!

मी त्यांना स्कूटरवरून घेऊन गेलो. मावशीनं कौतुकानं डबा उघडला. "तुमाला काय साफ करता येनार, मॅडम? मीच कापला, धुतला, मीठ-हलद लावला. आतला घान मांजरीला दिला."

मॅडम ज्यातून आरएनए काढणार होत्या ते यकृत मांजरीच्या पोटात होतं. दुसरा पापलेट अख्ख्या गावात नव्हता आणि होड्याही एव्हाना वर ओढल्या होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्या कुजबुजल्या, "तिला सांगू नका." मग ओट्यावर बसल्या आणि मावशीनं तळलेला आपला शेवटचा नमुना डोळे पुसत खाल्ला. "तिखट आहे," म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

पुढं त्यांच्या यजमानांची बदली झाली. प्रबंधाची एक प्रत मला टपालानं आली. ती घेऊन मी मुरब्याला गेलो.

"आमचा गाव कुटं हाय यात?" मावशीनं विचारलं. मी तक्त्यात दाखवलं. इतर गावांपुढं अक्षरांच्या रांगा, मुरब्यापुढं नुसती आडवी रेघ.

"एवडाच?"

"एवढंच. बाकीचं मॅडमनी खाल्लं ना."

"मंग बरा झाला," मावशी म्हणाली. "लय सुकलेली व्हती पोर."