आम्ही व्हिएतनामला, आणि आम्हीच नेरला जेवायला

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडली की आमच्याकडची अर्धी माणसं आधी नारळ फोडायचं म्हणतात, मी आधी फ्यूज बघतो. या सदरातले अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचत आलो. जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचो, नक्कल करून. आता बायको म्हणते, लिहा तुम्ही पण, हसू द्या लोकांना. तर हसा... माझी काही हरकत नाही.

गेल्या वर्षी माझं लग्न झालं. बायको प्राची, मारेगावची, मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट. लग्न यवतमाळला. लग्नात हळकुंड आणि सुपारी पिवळ्या दोऱ्यात गुंडाळून नवरा-नवरीच्या मनगटाला बांधतात, ते काकण. लग्नानंतर ते सोडायचा छोटासा कार्यक्रम असतो. एका हाताने गाठ सोडायची, मग परातीत हळदीचं पाणी करून त्यात तीनदा अंगठी शोधायची, बाकीच्यांनी खिदळायचं. आमच्या घरात हे सगळं आत्याच्या समोर होतं. आत्या नसेल तर काकण सुटत नाही, एवढा कडक कायदा.

माझी आत्या म्हणजे कुसुमआत्या. नेरला राहते, शाळेतून मास्तरीण म्हणून रिटायर झाली. लग्न केलं नाही. मी पाचवी ते बारावी तिच्याकडेच शिकलो, त्यामुळे मला दोन आया आहेत असं समजा. लग्नाच्या दिवशीच तिला धाप लागली. हृदयाची झडप खराब आहे हे आधीच कळलं होतं, नागपूरला ऑपरेशन ठरलेलं होतं, पण बाई ऐकेल तर ना. मांडवात उभीच. शेवटी बाबांनी तिला गाडीत बसवून नेरला पोचवलं आणि काकण सोडायचं राहून गेलं. आमचं विमान तिसऱ्या दिवशी.

मी फोनवर म्हणालो, "आत्या, तिकडून आलो की आधी तुझ्याकडे. घरी जायच्या आधी. तुझ्या ऑपरेशनच्या आधी येऊन तुझ्यासमोरच सोडतो, शब्द देतो."

"पाह्य बरं," ती म्हणाली. "मी वाट पाहीन."

तर अशा रीतीने आम्ही दोघं मनगटावर हळकुंडं बांधून व्हिएतनामला पोचलो. दा नांगच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने माझा हात धरून त्या हळकुंडाचा वास घेतला. मग दुसऱ्याला बोलावून त्यालाही घ्यायला लावला. प्राचीने "मॅरेज, मॅरेज" म्हणून दोन्ही हात जोडून दाखवले तेव्हा ते दोघं इतके खूश झाले की आमच्यासोबत फोटो काढला. तिसऱ्या दिवशी प्राचीचं हळकुंड सुटकेसच्या झाकणात सापडून मधोमध तडकलं. हॉटेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीने त्यांच्या हॉटेलचं नाव निळ्या अक्षरांत छापलेली चिकटपट्टी दिली, ती तिने भोवती गुंडाळली. मी म्हणालो, चला, आता हे काकण इंटरनॅशनल झालं.

मजा खूप केली. मी जन्मात पहिल्यांदा समुद्रात डुंबलो. प्राचीने तिकडच्या बाजारात वऱ्हाडीत घासाघीस केली आणि तिला ती जमली सुद्धा, कशी ते विचारू नका. घरून आणलेली चकली आम्ही नूडल्सच्या रश्शात बुडवून खाल्ली.

आमचा हिशेब साधा होता. सोमवारी सकाळी नागपूरला उतरायचं, दुपारी नेर, संध्याकाळी यवतमाळ. आत्या बुधवारी ॲडमिट होणार आणि गुरुवारी ऑपरेशन. सगळं बरोबर बसत होतं. शनिवारी आईचा फोन आला.

"सोमवारी अमावस्या आहे," आई म्हणाली. "नव्या सुनेनं परदेशातून येऊन अमावस्येले घरात पाय ठेवायचा नाही. पुढचं तिकीट पाह्य."

आता गंमत बघा. मी अमावस्या मानत नाही. अमावस्येला मी नवीन गाडी घेतली होती, आई आठ दिवस बोलली नव्हती. पण त्या दिवशी मी एका सेकंदात मानली. दोन दिवस आणखी समुद्र... कोणाला नको असतो? मी लगेच बुधवारचं तिकीट केलं.

प्राचीला पटलं नाही. "आत्यांना शब्द दिलाय तुम्ही."

"अगं, बुधवारी सकाळी नागपूरलाच उतरतो ना. दवाखान्यातच सोडू काकण. काय फरक पडते?"

"मग फोन करून सांगा त्यांना."

फोन करायची माझी हिंमत झाली नाही, खरं सांगतो. मी मेसेज टाकला. 'आत्या, बुधवारी येतो, डायरेक्ट नागपूर. काळजी करू नको, तू तर वाघीण आहेस.' खाली हसणारी तीन तोंडं. आणि फोन खिशात टाकला.

सोमवारी आम्ही होई आनजवळ नारळाच्या पाणथळ रानात गेलो. तिकडे बांबूची गोल टोपली असते, तीच नाव. नावाडी मध्ये उभा राहून ती गरागरा फिरवतो आणि गाणं लावतो. आम्ही दोघांनी ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. खाली उतरलो, प्राची केस नीट करायला गेली आणि थांबली. तिच्या मनगटावर काकण नव्हतं. मी माझा हात पाहिला. माझंही नव्हतं.

पडलं असेल पाण्यात, मी म्हणालो. पण एकाच वेळी दोघांचं? गाठ बाबांनी मारलेली होती, ती मी आठ दिवस आंघोळीत ओढूनही ढिली झाली नव्हती. नंतर मी मोबाईलमधले फोटो पाहिले. एक वाजून चाळीस मिनिटांच्या फोटोत दोघांच्या हातात काकणं स्पष्ट दिसतात, तिची निळी पट्टीसुद्धा. दोन वाजून पाच मिनिटांच्या फोटोत दोन्ही मनगटं मोकळी. नावाड्याने बिचाऱ्याने टोपली उलटी करून दाखवली. संध्याकाळी प्राची म्हणाली, "आता आत्यांसमोर काय सोडणार?"

मंगळवारी निघायच्या आधी आईचा मेसेज आला. दवाखान्याने तारीख अलीकडे घेतली होती. आत्याला आजच ॲडमिट केलं, उद्या सकाळीच ऑपरेशन. मी आत्याचा फोन लावला, बंद. बाबांचा लावला, लागेना. त्या विमानात मी एक घास खाल्ला नाही. दोन दिवस समुद्रात डुंबायचं म्हणून अमावस्या पाळली, आणि आत्या न भेटताच आत गेली. बाहेर आली नाही तर... हेच डोक्यात फिरत होतं. प्राचीने हात धरून ठेवला होता. बोलली असती तर बरं झालं असतं.

नागपूरला उतरून थेट दवाखाना गाठला. बाबा ऑपरेशन थिएटरच्या बाहेर बाकावर बसले होते. आत्याला आत नेऊन दोन तास झाले होते. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि खाली मान घातली.

"काहून असं तोंड पाडून बसला बे?" बाबा म्हणाले. "परवा भेटून गेला ना तिले? तिचं मन शांत आहे. हसत हसत गेली आत."

मला वाटलं, बाबा काळजीने काहीतरी बोलत आहेत. ते माझ्या कानाजवळ वाकले. "तुह्या आईले मी सांगितलं नाही. अमावस्येच्या दिवशी तुम्ही दोघं गुपचूप नेरला येऊन गेले, दोन दिवस कुठं लपून राह्यले, आपल्याले काय करायचं. पण काम चांगलं केलं. काकण सोडलं, जेवले, तिच्यापाशी बसले. मले तिनं सगळं सांगितलं."

मी प्राचीकडे पाहिलं. ती सुटकेसवर हात ठेवून उभी होती आणि सुटकेसला विमानाचा टॅग अजून लटकत होता.

एक वाजता डॉक्टर बाहेर आले. झडप बसली, सगळं ठीक. बाबा रडले, मी रडलो, प्राची त्या अनोळखी डॉक्टरांच्या पाया पडली. आत्या शुद्धीवर आल्यावर आम्हाला काचेतून दोन मिनिटं बघू दिलं. तिने बोट हलवलं. त्या गडबडीत बाकीचं सगळं मागे पडलं.

तीन दिवसांनी आत्याचा चष्मा आणि गोधडी आणायला मी आणि प्राची नेरला गेलो. किल्ली बाबांनी दिली होती. दुपारची वेळ, लख्ख ऊन, घाबरायला काही कारणच नाही. कुलूप उघडतो तर शेजारच्या वंदनाताई कुंपणापाशी आल्या. आत्याची तब्येत विचारली आणि मग प्राचीला म्हणाल्या, "त्या दिवशी चहाले थांबले नाही तुम्ही. मोरपिशी साडी लय शोभत होती तुले."

"कोणत्या दिवशी, ताई?"

"सोमवारी नाही का. साडेबाराची वेळ असंन. अन् हा पांढरा शर्ट घालून, बाह्या दुमडून. पहिल्यांदा शहाण्यासारखा दिसला मले."

सोमवारी मी दिवसभर हाफ पॅन्टमध्ये होतो. प्राचीची मोरपिशी साडी यवतमाळला कपाटात, घडीही न मोडलेली होती. आम्ही आत गेलो. स्वयंपाकघरात परात उपडी घातलेली, काठाला हळदीचा पिवळा डाग. देवघरात ताम्हनात दोन काकणं ठेवलेली. दोरे कापलेले नव्हते, गाठी सोडलेल्या होत्या. एका हळकुंडाला मधोमध तडा, आणि त्याच्याभोवती निळ्या अक्षरांची चिकटपट्टी. प्राचीने ती मोठ्याने वाचली. आमच्या हॉटेलचं नाव.

व्हिएतनामचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. म्हणजे तिकडचे दोन, इकडचे साडेबारा. मी मेंटेनन्सचा माणूस, मी पुष्कळ खटपट केली. कोणी गंमत केली का? ती पट्टी आत्याच्या देवघरात आणणार कोण? आम्ही विसरलो का? पासपोर्टवर शिक्के आहेत, बुधवारी भारतात आल्याचे. वंदनाताईंना चष्म्याचा नंबर विचारला, तर त्या म्हणाल्या मी सुईत दोरा ओवते अजून. प्राचीने तर कपाट उघडून साडी तपासली. घडी तशीच.

महिन्याभराने आत्या घरी आली. अंगावर चांगला रंग चढला होता, बोलणं पहिल्यासारखं. हे सगळं तिला सांगायचं की नाही, यावरून आमच्यात दोन दिवस वाद. प्राची म्हणे, सांगू नका, मन शांत आहे त्यांचं. पण मला ते जमेना. जे मी केलंच नाही त्याचं कौतुक ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती. एका रविवारी सकाळी ती ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं.

"आत्या, मी त्या सोमवारी आलोच नव्हतो."

तिने मान वर केली नाही. "मले ठाऊक आहे. तुहा मेसेज रविवारीच वाचला मी."

मी विचारलं, "मग... ते दोघं दारात आले तेव्हा?"

"तवा वाटलं, पोराले लाज वाटली असंन, आला असंन धावत. लय आनंद झाला. गोळाभात केला. अंगठी तिलेच सापडली, तिन्ही वेळा." ती हसली. "मग जेवण झाल्यावर तो माह्याजवळ येऊन बसला. माहा हात हातात घेतला अन् म्हणे, आत्या, तुले भेव लागते का? तवा समजलं मले, हा आपला मंगेश नाही."

"काहून?"

"तू इचारत नाही बापा. तू हसवतो. वाघीण म्हणतो. तुहा बाप म्हणे काही होत नाही, डॉक्टर म्हणे काही होत नाही, वंदना म्हणे काही होत नाही. भेव लागते का म्हणून कोणी नाही इचारलं. मी रडली त्याच्यापाशी, चांगली पोटभर. मग सोपं गेलं सगळं."

"अन् तू तशीच बसली? तो कोण, ती कोण, इचारलं नाही?"

"नवी जोडी होती, जेवून राह्यली होती, तुहा शब्द पाळायले आली होती. त्याईले कायले खोदून इचारू? अन् लोकाईले काय सांगू, तुहंच नाव सांगितलं." तिने शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवलं. "सोल. बसला तर सोल."

मी सोलत बसलो. प्राची आतून ऐकत होती, ती येऊन आत्याच्या पाठीशी बसली. त्या दिवशी आम्ही तिघांनी मिळून सगळ्या शेंगा संपवल्या, आणि आत्याने आम्हाला ऑपरेशनच्या आदल्या रात्री तिला काय काय वाटत होतं, ते पहिल्यांदा सांगितलं. त्यासाठी आधी मला, तुले भेव लागलं का, असं विचारावं लागलं. विचारलं.

या गोष्टीला वर्ष होत आलं. काकणं आमच्याकडेच आहेत, ज्याला पाहायची त्याने यावं, प्राची चहाही देईल. नेरला त्या दोघांच्या रूपात कोण आलं होतं, कुठून आलं, कुठे गेलं, मला अजून काही सांगता येत नाही. भीती म्हणाल तर त्याची मला कधी वाटली नाही. वाटतो तो थोडा राग. माझ्या आत्याला जे मी विचारायला हवं होतं, ते माझ्याआधी त्याने विचारलं.